चार नंबरचा फीडर कोणी बंद केला

चार नंबरचा फीडर मी बंद केला नव्हता. हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात इतक्या जणांना सांगितलं, की शेवटी शेवटी बोलताना माझाच आवाज मला खोटा वाटायला लागला. आधी साहेबांना सांगितलं, मग घरी नवऱ्याला, मग चौकशीला आलेल्या दोघांना, आणि एकदा तर फाटकाशी उभ्या राहिलेल्या एका यंत्रमाग मालकाला, हिंदीत.

मी सबस्टेशनमध्ये ऑपरेटर आहे. आमचं सबस्टेशन भिवंडीच्या बाहेर, राहनाळच्या रस्त्याला. मोठ्या मनोऱ्यांवरून आलेली वीज इथे उतरते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब कमी होतो आणि मग ती निरनिराळ्या भागांना जाते. भागाभागाला जाणाऱ्या या लाइनींना फीडर म्हणतात. चार नंबरचा फीडर निजामपुऱ्यातल्या यंत्रमागांच्या गल्ल्यांना जातो, सात नंबरचा राहनाळच्या गोडाउनांना, नऊ नंबरचा कशेळीला. प्रत्येक फीडरला बाहेर यार्डात एक ब्रेकर असतो. आमच्या बोलण्यात ब्रेकर उघडला म्हणजे त्या भागाची लाइट गेली.

मी लागले तेव्हा कंट्रोल रूममध्ये माझ्यापेक्षा उंच अशी लोखंडी पॅनेलं रांगेने उभी होती. काचेच्या आड रिले असायचे. कुठे बिघाड झाला की रिले टक् करून वाजायचा, त्याच्या पोटातली नारिंगी पट्टी खाली पडायची, घंटा घणघणायची. पॅनेलवर ब्रेकरची एक मूठ असायची. ब्रेकर आपोआप उघडला की तिच्यातला दिवा लुकलुकायचा आणि मूठ डावीकडे, 'उघडा' या खुणेवर, वळवली की थांबायचा. सतरा-अठरा वर्षं माझी नोकरी या आवाजांत गेली.

त्या नोकरीत बहुतेक काळ माझ्यासोबत दादा होता. आमचा तंत्रज्ञ. वज्रेश्वरीच्या बाजूला डोंगराला लागून असलेल्या एका पाड्यावरचा. वडील भाताची शेती करायचे आणि उरलेल्या दिवसांत वीटभट्टीवर जायचे. हा आयटीआय करून इकडे आला. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, पण मला ताई म्हणायचा. मी त्याला दादा म्हणायचे. त्याचा कान असा होता, की यार्डातला ब्रेकर उघडल्याचा ठोका ऐकून तो खुर्चीवर बसल्या बसल्या कितवा फीडर ते सांगायचा. मी उठून पॅनेल बघायचे आणि तो बरोबर असायचा.

मग नवी यंत्रणा आली. पॅनेलं उखडून भंगारात गेली. त्यांच्या जागी राखाडी कपाटं आली आणि प्रत्येक फीडरला एकच छोटा डबा. बिघाड ओळखायचं काम त्याचंच, ब्रेकर उघडायचं काम त्याचंच, आणि जे जे घडलं ते काचेच्या तारेतून कॉम्प्युटरला कळवायचं कामही त्याचंच. आमच्या टेबलावर दोन मॉनिटर बसले. सगळं सबस्टेशन त्या दोन पडद्यांवर आलं.

तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. शिकवायला आलेला माणूस बोलायला चांगला होता. तो म्हणाला, "इथे होणारी प्रत्येक गोष्ट वेळेसकट नोंदली जाते. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. आणि कोणी केली, तेही. आता इथे कुणाला खोटं बोलता येणार नाही."

दादा मागच्या बाकावर बसला होता. तो म्हणाला, "आनि डबाच खोटा बोलला तर?"

सगळे हसले. मीही हसले.

आम्हाला प्रत्येकाला आपापलं नाव आणि पासवर्ड मिळाला. नियम असा होता, की खुर्ची सोडताना आपलं नाव बंद करून जायचं. पण पुन्हा आत शिरायला वेळ लागायचा, मध्येच अलार्म आला तर पंचाईत. म्हणून जेवायला जाताना मी पडदा तसाच उघडा ठेवून जायचे. सगळेच ठेवायचे.

पहिल्यांदा फीडर गेला तो एप्रिलमध्ये, एका मंगळवारी, दुपारी दोनच्या सुमाराला. पडद्यावर चार नंबरचा चौकोन लुकलुकायला लागला, भोंगा वाजला. दादा बाहेर जाऊन ब्रेकर बघून आला. कुठे काही दिसलं नाही. मी फोनवर कळवलं, परवानगी घेतली आणि दहा-बारा मिनिटांत फीडर परत चालू केला. अशा गोष्टी होत असतात. मी वहीत नोंद केली आणि विसरून गेले.

चार दिवसांनी पुन्हा तेच. तीच वेळ, तोच फीडर. मग पुन्हा. तीन आठवड्यांत माझ्या ड्युटीवर तो चार वेळा गेला. सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना संध्याकाळी औषध घालायला मी घरी हवी असायचे, म्हणून मी दोन महिने सकाळची शिफ्ट मागून घेतली होती. आठ ते चार. दुपारचे दोन म्हणजे माझीच वेळ.

निजामपुऱ्यात लाइट गेली की नुसता अंधार होत नाही. चालता माग मध्येच थांबला की कापडावर आडवी रेघ उमटते. पुन्हा चालू केला तरी रेघ राहते आणि ते कापड हलकं ठरतं. चौथ्या वेळेनंतर एक मालक थेट सबस्टेशनच्या फाटकावर आला. साठीचा, पांढरा कुर्ता घातलेला, शांत माणूस. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मॅडम, बाजू की लाइन नहीं जाती. गोडाउन की लाइन कभी नहीं जाती. हमारी ही क्यों जाती है?"

मी म्हटलं, "चाचा, फॉल्ट है. हम ढूँढ रहे हैं."

"लोग बोलते हैं कोई हाथ से बंद करता है."

"मैंने बंद नहीं किया, चाचा. कौन बोलता है?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आप राहनाळ साइड के हो ना? आप के घर के गोडाउन हैं."

ते खरं होतं. सासऱ्यांची भातशेती होती, खाडीपर्यंत. आता तिथे तीन गोडाउनं आहेत, भाड्याने दिलेली. आत मोठमोठे पट्टे फिरतात, थंड खोल्या आहेत. सगळं सात नंबरच्या फीडरवर. तेवढ्यावरून गल्लीत गोष्ट तयार झाली होती: गोडाउनांना कमी पडू नये म्हणून राहनाळची बाई यंत्रमागांची लाइट तोडते. कुठल्याही वायरमनला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की असं काही होत नाही. पण कुणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब मृदू बोलणारे. त्यांनी समोर कागद ठेवला. कॉम्प्युटरमधून काढलेली यादी होती. चार तारखा, आणि प्रत्येक तारखेखाली दोन ओळी. पहिली ओळ: ब्रेकर उघडण्याचा हुकूम, आणि पुढे माझं नाव. दुसरी ओळ: ब्रेकर उघडला. एकदा दोन सेकंदांनी, एकदा सहा, एकदा तीन, एकदा चार.

"हे बघा," ते म्हणाले. "फॉल्टची नोंदच नाही. डब्याने फीडर पाडलेला नाही. हुकूम गेला, मग ब्रेकर उघडला. हुकूम तुमच्या नावाने आहे."

"मी नाही दिला, साहेब."

"मी कुठे म्हणतोय तुम्ही दिला? मी एवढंच म्हणतोय, की दिला गेला."

मी घरी आले. नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. त्याने घास खाली ठेवला आणि विचारलं, "पण तू खरंच न्हाय ना केलंस? चुकून वगैरे?" त्याने सहज विचारलं असेल. मला ते "वगैरे" पुढचे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

मी आठवायला बसले. चारही वेळा मी कुठे होते? खुर्चीवर. पण त्याच सुमाराला मी जेवून परत यायचे, फीडर जायच्या नक्की आधी की नंतर ते सांगता येईना. मी नसताना पडदा उघडा असायचा. माझ्या नावाने. आणि तेव्हा कंट्रोल रूममध्ये कोण असायचं? दादा.

एकदा हे डोक्यात आलं आणि मग सगळंच त्याच्याकडे बोट दाखवायला लागलं. मी परत आले की तो माझ्या खुर्चीवरून उठायचा. सतरा वर्षं उठत होता, आता मला ते दिसायला लागलं. त्याला नवी यंत्रणा नको होती, हे त्याने भर वर्गात सांगितलं होतं. त्याचा धाकटा भाऊ पूर्वी निजामपुऱ्यात मागावर होता, मालकाशी भांडून परत पाड्यावर गेला होता. त्यांच्या पाड्यावरून आमच्या मोठ्या लाइनीचे मनोरे गेले आणि पाड्यावर लाइट मात्र कितीतरी वर्षांनी आली. हे तो कधीतरी हसत सांगायचा. त्या हसण्याचाही आता मी वेगळा अर्थ लावला. रजेच्या दिवशी काय झालं तेही मी विचारून घेतलं. माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या एका दिवशी चार नंबर असाच दुपारी गेला होता. त्या दिवशी मी नव्हते. दादा होता.

मी यादीत त्या दिवसाची ओळ पाहिली नाही. पाहायला पाहिजे होती. मला दादा होता एवढंच पुरेसं झालं.

मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले. जेवायचा डबा बाहेर न नेता टेबलावरच उघडायचा, असं सुरू केलं. त्याने विचारलं, "काय ताई, भायेर न्हाय बसत आता? झाडाखाली वारा हाय." मी म्हटलं, बाहेर ऊन लागतं. तो एकटा झाडाखाली जाऊन बसला. तो चहा आणायचा तेव्हा मी घोट घेण्याआधी पडद्याकडे पाहायचे, सगळे चौकोन जागेवर आहेत ना. त्याच्या लक्षात आलं असेल.

मग चौकशी लागली. वरच्या ऑफिसातून दोघं आले. आम्हाला एकेकट्याला आत बोलावलं. मला विचारलं, "तुमचा पासवर्ड अजून कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"तुम्ही नसताना पडद्यापाशी कोण असतं?"

खिडकीतून यार्ड दिसत होतं. दादा पिवळं हेल्मेट घालून ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची पातळी बघत होता.

"बाई, तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे," दुसरा म्हणाला.

मी दादाचं नाव घेतलं. नुसतं नाव नाही. भावाचं सांगितलं, तो नव्या यंत्रणेवर नाराज होता हेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, माझ्यापुढे कागद सरकवला, मी सही केली.

माझ्यानंतर त्याला बोलावलं. मी व्हरांड्यात बसले होते आणि दार नीट लागत नव्हतं. त्याचा आवाज ऐकू आला. "साहेब, मी हात न्हाय लावला. आनि माझं एक ऐका. हा कागद बघा. हुकूम दिल्यावर ब्रेकर सहा सेकंद थांबतो होय? आपला ब्रेकर थांबत न्हाय. हुकूम आला की लगेच ठोकतो. ह्ये कवा दोन, कवा सहा, असं कसं असंल?"

"कॉम्प्युटरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" कुणीतरी म्हणालं.

"कॉम्प्युटरचं न्हाय कळत. ब्रेकरचं कळतं."

मला ते ऐकू आलं. तो म्हणत होता ते बरोबर होतं, हे मलाही कळायला हवं होतं. मी कितीतरी वेळा बटण दाबताना तो ठोका लगोलग ऐकला होता. पण मी मनात म्हटलं, बघ, कसा मुद्दा काढतोय. संशय आला की माणूस शहाणपणाचं बोलला तरी ते कारस्थान वाटतं.

आठ दिवसांत त्याची बदली झाली. कशेळीला, लाइनीच्या कामावर. खांबावर चढायचं काम, त्याच्या वयाला. ऑर्डर हातात घेऊन तो कंट्रोल रूमच्या दारात आला. आत यायला त्याला मनाई होती, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबला.

"ताई, तुम्ही बोललात काय माझ्याबद्दल?"

"मी? नाही रे दादा. मी कशाला बोलेन?"

त्याने मान हलवली. "बरं." आणि चपला घालून गेला.

त्यानंतर दोन आठवडे मी खुर्चीवरून फारशी हलले नाही. उठावंच लागलं तर पडदा बंद करून जायचे, पासवर्डही बदलला. आणि एका गुरुवारी दुपारी दोन वाजून काही मिनिटांनी चार नंबरचा चौकोन लुकलुकला, भोंगा वाजला.

खोलीत मी एकटी होते. माझ्या पाठीमागे भिंत होती. फीडर चालू करून मी यादी उघडली. हुकूम, माझं नाव. तीन सेकंदांनी ब्रेकर उघडला.

आता संशय घ्यायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. मी स्वतः साहेबांकडे गेले आणि म्हटलं, "साहेब, पुन्हा झालं. दादा नव्हता. कुणीच नव्हतं. एक तर मला वेड लागलंय, नाहीतर ते मशीन खोटं बोलतंय. कुणाला तरी बोलवा."

यंत्रणा तपासणारा एक माणूस आला. पंचेचाळिशीचा, जाड चष्मा, हातात एक जड पेटी. हिंदीत बोलायचा, तेही मोजकं. त्याने यादी वाचली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ये गॅप अलग-अलग क्यों है? दो, छह, तीन, चार, फिर तीन. ब्रेकर तो तुरंत खुलता है."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

मग त्याने यादीतल्या ओळींच्या कडेला असलेल्या एका लहानशा खुणेवर बोट ठेवलं. चार नंबरच्या डब्याकडून आलेल्या प्रत्येक ओळीशी ती होती. आम्ही सगळ्यांनी ती रोज पाहिली होती. तिचा अर्थ असा होता, की या डब्याचं घड्याळ इतरांशी जुळलेलं नाही. छतावर एक अँटेना आहे, ती उपग्रहाकडून वेळ घेते आणि सगळ्या डब्यांना एकच वेळ पोचवते. चार नंबरकडे जाणारी तार ढिली राहिली होती. तो डबा आपल्याच वेळेने चालत होता आणि सतरा सेकंद पुढे गेला होता. म्हणजे ब्रेकर आधी उघडला होता आणि हुकूम नंतर गेला होता. डब्याने पुढची वेळ लावल्यामुळे कागदावर सगळं उलटं दिसत होतं.

मी म्हटलं, "पण हुकूमच मी दिला नाही. आधी नाही, नंतरही नाही."

त्याने चार नंबरचा फीडर रीतसर रिकामा करून घेतला, म्हणजे ब्रेकर चालवला तरी कुणाची लाइट जाणार नाही असा. मग मला म्हणाला, "मॅडम, आप बैठिये. रोज़ जैसा करते हो वैसा करना." आणि बाहेर यार्डात गेला. साहेब माझ्या मागे उभे राहिले.

पाच मिनिटं काही झालं नाही. मग बाहेर ब्रेकरचा ठोका पडला आणि भोंगा वाजला. चौकोन लुकलुकला. मी भोंगा बंद केला, फोनकडे हात नेला, नंबर लावायला सुरुवात केली.

"थांबा," साहेब म्हणाले. "आत्ता काय केलंत?"

"भोंगा बंद केला."

"त्यानंतर?"

"काही नाही. फोन उचलला."

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. लुकलुकणाऱ्या चौकोनावर छोटी चौकट उघडली होती. उघडा की बंद करा, असं विचारणारी. मी 'उघडा' निवडलं होतं, 'नक्की' वर दाबलं होतं. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मूठ डावीकडे वळवायची, लुकलुकणं थांबवायचं. पॅनेलं भंगारात गेली होती आणि माझा हात अजून ती मूठ वळवत होता.

त्या माणसाने आत येऊन डब्याच्या पोटातली नोंद लॅपटॉपवर काढली. ती आमच्या कॉम्प्युटरपर्यंत येतच नव्हती, यंत्रणा बसवणाऱ्यांनी ती यादीत घेतलीच नव्हती. पाचही वेळेला तिथे एकच ओळ होती: ब्रेकर आधीच उघडा असल्यामुळे हुकूम नाकारला. आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी नुसतंच, ब्रेकर उघडला. हुकूम नाहीच. त्या दिवशी खुर्चीवर जो ऑपरेटर होता तो नवीन होता, त्याने ती मूठ कधी हातात धरलीच नव्हती.

मग ब्रेकर उघडत कशाने होता? ते दुसऱ्या दिवशी सापडलं. यार्डात ब्रेकरजवळ एक लोखंडी पेटी आहे, तिच्यात तारा जोडलेल्या असतात. नव्या तारा ओढताना दोन तारांची वेष्टनं पेटीच्या धारेवर सोलली गेली होती. दुपारी पेटी तापली, तारा सैलावल्या, की उघडं तांबं एकमेकांना टेकायचं आणि ब्रेकरला उघडण्याचा झटका मिळायचा. ब्रेकर उघडताना जो धक्का बसायचा त्याने त्या पुन्हा सुट्या व्हायच्या. म्हणून आम्हाला कधी काही दिसलं नाही. बोटभर चिकटपट्टी आणि नवी तार, एवढंच काम निघालं.

साहेबांनी यंत्रमागवाल्यांना बोलावून समजावलं. तो पांढऱ्या कुर्त्यातला मालकही आला होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक है. अब नहीं जाएगी तो मान लेंगे." माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. दादाच्या कागदावर चौकशी बंद केल्याचा शेरा पडला. त्याला परत यायचं असेल तर अर्ज करावा, असं कळवलं. त्याने अर्ज केला नाही.

तीन रविवार मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. शेवटी एका सकाळी स्कूटर काढून कशेळीला गेले. पुलाकडे ट्रकांची रांग लागली होती. एका गोडाउनच्या कुंपणाशी त्यांची गाडी उभी होती आणि दादा खांबावर होता. मी खाली धुळीत उभी राहिले. तो उतरला, कमरेचा पट्टा सोडला, बाटलीतलं पाणी प्याला आणि बाटली माझ्यापुढे धरली.

"ताई, उन्हाचं काय एवढ्या लांब?"

मी सगळं सांगितलं. तारांचं, घड्याळाचं, माझ्या हाताचं. तो लक्ष देऊन ऐकत होता. तांबं टेकायचं म्हटल्यावर त्याने मान हलवली, "हां, त्या पेटीत हात घालायला पायजे होता मी. मला न्हाय सुचलं."

मग मी म्हटलं, "दादा, तुझं नाव मी घेतलं होतं."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"चौकशीच्याच दिवशी. त्यांनी कागद दाखवला मला. तुमची सही वळखतो मी, इतकी वर्सं वहीत बघितली." त्याने टोपणाचा आटा घट्ट केला. "म्हनून दारात येऊन विचारलं तुम्हाला. म्हटलं, सांगतील."

ट्रक हॉर्न देत होते.

"तुमचं पन बरोबर हाय," तो म्हणाला. "नोकरीचा प्रश्न होता. पन भावाचं कशाला सांगितलंत? त्याचा काय संबंध? त्याला फोन आला ऑफिसातून. तो घाबरला ना."

"चुकलं माझं."

"हां," तो म्हणाला. "चुकलं." मला वाटत होतं तो नाही म्हणेल, जाऊ द्या म्हणेल. तो तसं म्हणाला नाही, आणि खोटं वाटेल असं काहीही बोलला नाही. शेजारच्या खांबावरून साथीदाराची हाक आली तसा पट्टा बांधून पुन्हा चढला.

"परत ये ना सबस्टेशनला," मी खालून म्हटलं.

"हितं बरं हाय ताई. वारा हाय."

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. नऊ नंबरचा फीडर कशेळीला जातो आणि तो आमच्याकडूनच निघतो. लाइनीवर काम करायचं असलं की त्यांच्यातला कोणीतरी फोन करून आमच्याकडे परवानगी मागतो. आम्ही फीडर बंद करतो, कुलूप घालतो, आणि फोनवर सांगतो की लाइन मेली आहे, चढा. त्या शब्दावर माणूस खांबावर चढतो. कधी कधी तो फोन दादाचा असतो.

"नऊ नंबर बंद करून परवानगी द्या," तो म्हणतो. ताई म्हणत नाही. रेकॉर्डिंग चालू असतं, तिथे कोणीच तसं म्हणत नाही.

मी बंद करते. पडदा बघते, उठून खिडकीशी जाऊन यार्डातला ब्रेकर डोळ्यांनी बघते, कुलूप ओढून बघते. मग सांगते, "नऊ नंबर बंद. परवानगी दिली."

"पुन्हा सांगा."

"नऊ नंबर बंद आहे. कुलूप घातलंय. परवानगी दिली."

मग तो फोन ठेवत नाही. पलीकडून ट्रकांचे आवाज येत राहतात. मला माहीत असतं तो काय करतोय. लांब काठीने तो स्वतः लाइनीत वीज नाही ना ते तपासतो, एकदा, आणि मग दुसऱ्या बाजूने पुन्हा एकदा. नियमाप्रमाणे सगळ्यांनी तपासायचं असतं. बहुतेक जण एकदाच तपासतात. मी कानाला फोन लावून बसून राहते. मग तो म्हणतो, "बरं, चढतो," आणि फोन ठेवतो.